मध्यमाहरण

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरांवर, डोंगराच्या कुशीत वसलेले जे पाटण गाव आज बहुतेकांस पाटणादेवीच्या दर्शनामुळेच ठाऊक आहे, तेथील भवानीच्या देवळात एक शिलालेख आहे. त्याचा पूर्वभाग संस्कृत श्लोकांत असून उत्तरभाग त्या काळच्या रोकड्या मराठीत आहे, आणि या दोन भागांच्या भाषेत जितके अंतर आहे तितकेच त्यांच्या विषयांतही आहे. संस्कृत भागात त्रिविक्रमापासून आरंभ करून भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर अशी एका विद्वान घराण्याची परंपरा सांगितली आहे. महेश्वराचा पुत्र भास्कर, भास्कराचा पुत्र लक्ष्मीधर, ज्यास यादव राजा जैत्रपाल याने आपल्या पंडितांत अग्रस्थान दिले, आणि लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव, जो सिंघण यादवाच्या पदरी मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आपल्या आजोबांचे, म्हणजे 'सिद्धांतशिरोमणि'कार भास्कराचार्यांचे, आणि त्यांच्या वंशजांचे ग्रंथ पढवले जावेत म्हणून पाटण येथे मठ स्थापिला, आणि शके ११२८ मध्ये निकुंभ वंशातील सोइदेव या यादवांच्या मांडलिकाने त्या मठास दान दिले, असा त्याचा मथितार्थ.

मराठी भागात त्या दानाचा तपशील आहे, आणि पुढल्या काळातील इनामपत्रे ज्याने दप्तरात चाळली आहेत त्यास तो वाचताना मुळीच परके वाटत नाही. नगरीत जो माल विक्रीस निघेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाकडे जे उत्पन्न येई ते मठास मिळावे. जितके घाणे चालतील तितक्यांकडून घाण्यागणिक पळी-पळी तेल मठास पोचावे. जे काही मापायचे ते मठाच्याच मापाने मापावे आणि मापणावळ अर्धी मठाने, अर्धी मापाऱ्याने घ्यावी. बीजगणित शिकवता यावे म्हणून तेल्याच्या घाण्यावर पळीभर तेल मुक्रर करणारी ही व्यवस्था मला त्या घराण्याच्या सगळ्या बिरुदावलीपेक्षा अधिक बोलकी वाटते. हा लेख प्रथम प्रसिद्धीस आणला तो मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी यांनी, आणि मागाहून कीलहॉर्न यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात त्याचे नव्याने संपादन केले.

त्या मठात पळी-पळी तेलाच्या दिव्यापाशी बसून विद्यार्थी जे शिकत असतील त्यांपैकी एका प्रकरणाचा वृत्तांत येथे सांगावयाचा आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणि' पुरा केला. त्याच्या 'बीजगणित' या विभागात 'मध्यमाहरण' म्हणून एक प्रकरण आहे. आज शाळेतील मुले ज्यास वर्गसमीकरण सोडवणे म्हणतात तेच हे. ज्या समीकरणात अव्यक्त राशीचा वर्ग, स्वतः ती अव्यक्त राशी आणि निव्वळ संख्या अशी तीन पदे असतात, त्यात अडचण असते ती मधल्या पदाची. ते नसते तर वर्गमूळ काढून मोकळे होता आले असते. वर्ग नसता तर साधा भागाकार पुरला असता. म्हणून त्या मधल्याचे 'आहरण' करावयाचे, त्यास युक्तीने नाहीसे करावयाचे. 'वर्गसमीकरण' या शब्दाने वस्तूचे नाव कळते. 'मध्यमाहरण' या शब्दाने तिच्याशी काय करावयाचे तेही कळते, आणि म्हणून जुना शब्द मला अधिक गुणी वाटतो.

उदाहरण भास्कराचार्यांचेच घेऊ, कारण त्याहून सुरेख दुसरे कोठे मिळणार नाही. भुंग्यांच्या थव्याच्या अर्ध्याच्या वर्गमूळाइतके भुंगे मालतीच्या फुलांकडे गेले. सबंध थव्याचे आठ नवमांशही त्याच वाटेने गेले. राहिली एक भुंगी, आणि रात्री सुवासाच्या लोभाने कमळात शिरून अडकलेला एक भुंगा, जो आतून गुणगुणतो आणि ती बाहेरून साद देते. तर थवा किती? हे उदाहरण 'लीलावती'तही आहे, परंतु तेथे ते अव्यक्ताचा आश्रय न करता सोडवले आहे. बीजगणितात ते पुन्हा आले ते मध्यमाहरणाचा नमुना म्हणून.

अव्यक्त राशीस त्या काळी 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जितके असेल तितके', आणि त्याचे आद्याक्षर 'या' लिहीत. एकाहून अधिक अव्यक्त आले तर कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे घेत. अव्यक्ताच्या वर्गास 'याव', निव्वळ संख्येस 'रूप' म्हणजे 'रू', आणि ऋण संख्येच्या माथ्यावर एक टिंब. येथे युक्ती अशी की थवा 'या' न मानता थव्याचा अर्धा 'याव १' मानावा, म्हणजे मूळ आपोआप 'या १' येते आणि थवा 'याव २' होतो. त्याचे आठ नवमांश, त्यात 'या १' आणि शेवटचे दोन भुंगे मिळवून थव्याशी बरोबरी केली आणि नवांनी छेद उडवला, की एका बाजूस राहतात याव २, या ९ (नवावर टिंब), रू ०, आणि तिच्या खाली दुसरी बाजू: याव ०, या ०, रू १८. नसलेल्या पदाच्या जागीही शून्य मांडून दोन्ही बाजू एकीखाली एक लिहिण्याची ही रीत, जमाखर्चाच्या कीर्दीसारखी, चूक होऊ नये म्हणून पडलेली दिसते.

आता मधल्या टिंबवाल्या नवाचे काय करावे? भास्कराचार्य येथे स्वतःचे नव्हे तर आपल्या आधीचे गणिती श्रीधराचार्य यांचे सूत्र देतात, आणि ते श्रीधराचे आहे हे नाव घेऊन सांगतात: वर्गपदाच्या अंकाच्या चौपटीने दोन्ही बाजू गुणाव्यात, आणि मग अव्यक्ताच्या मूळ अंकाचा वर्ग दोन्हींत मिळवावा. वर्गपदाचा अंक दोन, त्याची चौपट आठ. गुणल्यावर वरची बाजू याव १६, या ७२ ऋण, आणि खालची रू १४४. नवाचा वर्ग ८१ दोन्हींत मिळवला, की वरची बाजू 'या ४ उणे ९' हिचा पूर्ण वर्ग होते आणि खालची होते २२५. मुळे काढली: या ४ उणे ९ म्हणजे १५. मधले पद गेले. या ६ आला, आणि थवा ७२. पडताळा पाहावा: सहा मालतीकडे गेले, चौसष्ट त्यांच्या मागे, आणि दोघे कमळापाशी.

हे चौपटीचे प्रयोजन काय, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थ्यास पडावा आणि शिक्षकाने त्यास उत्तर द्यावे. नुसत्या दोहोंनी गुणले असते तरी पहिले पद याव ४ होऊन त्याचे मूळ निघाले असते. परंतु मग मिळवावयाचा तो नवाच्या अर्ध्याचा वर्ग, म्हणजे साडेचारांचा. पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने अंक काढणाऱ्या आणि पुसणाऱ्या गणकास अपूर्णांकाचे मूळ काढणे म्हणजे दोन वेळा पुसापुशी. चार स्वतः वर्ग असल्यामुळे त्याने गुणून वर्गत्व बिघडत नाही, आणि मधल्या अंकाचा अर्धा करण्याची वेळच येत नाही. एका श्लोकाच्या सूत्रात हात राखून काम करण्याची जी दृष्टी आहे तिचे कौतुक हिशेब ठेवणाऱ्यासच कळेल.

श्रीधराच्या आधीही ही विद्या या देशात होतीच. आर्यभटाने 'आर्यभटीया'त, म्हणजे इ. स. ४९९ च्या सुमारास, व्याजाचा जो नियम दिला आहे त्यात मध्यमाहरण दडलेले आहे, आणि त्यावरील पहिल्या भास्कराच्या, म्हणजे याच नावाच्या पण आपल्या आचार्यांहून निराळ्या आणि आधीच्या गणितज्ञाच्या, भाष्यातील उदाहरण सावकाराच्या ओटीवरून उचलल्यासारखे आहे: शंभरांचे महिन्याचे व्याज ठाऊक नाही, परंतु ते व्याज त्याच दराने चार महिने लावले असता व्याज आणि व्याजाचे व्याज मिळून सहा होते. उत्तर पाच, कारण पाचांवर चार महिन्यांचे एक. दरमहा दरशेकडा पाच हा दर कोणास जाचक वाटल्यास त्याने तो गणिताच्या सोयीचा समजावा. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ऋण-धनाचे नियम मांडून हाच विधी स्पष्ट शब्दांत सांगितला. आणि त्याहून फार पूर्वी, आजपासून साडेतीन-चार सहस्र वर्षांमागे, बाबिलोनच्या लेखकांनी मातीच्या विटांवर चौरसाचे क्षेत्र आणि बाजू एकत्र करून बाजू काढण्याची कोडी घातली होती. त्यांपैकी एकात ती बेरीज पाऊण आहे आणि बाजू अर्धी येते. इ. स. नवव्या शतकात बगदादेत अल्-ख्वारिज्मीने जो ग्रंथ लिहिला, ज्याच्या नावातील 'अल्-जब्र' या शब्दावरून युरोपीय भाषांत या शास्त्राचे नाव पडले, त्यात ऋण पदांस थारा नसल्यामुळे एकाच समीकरणाचे सहा वेगळाले प्रकार करावे लागले. टिंबाच्या बळावर आपल्याकडे ते एकातच भागले.

परंतु ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला तो मुद्दा पुढे आहे. भास्कराचार्यांनी आरंभीच सांगून ठेवले आहे की धनाचाही वर्ग धन आणि ऋणाचाही वर्ग धन, म्हणून धन संख्येस मुळे दोन, एक धन आणि एक ऋण. ऋण संख्येस मात्र मूळ नाही, कारण ती कोणाचाच वर्ग नव्हे. मग मध्यमाहरणात मूळ काढताना दोन उत्तरे का येऊ नयेत? येतात, आणि त्यांचे पुढे काय करावयाचे याचा फैसला आचार्यांनी उदाहरणे घेऊन, न्यायाधीशाच्या सावधपणाने दिला आहे.

पहिले उदाहरण माकडांचे. कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग इतकी माकडे वनात आनंदाने खेळत आहेत. उरलेली बारा डोंगरावर एकमेकांस साद घालीत आहेत. तर कळप किती? समीकरण मांडून मूळ काढले, की एका बाजूस अव्यक्त उणे बत्तीस येते आणि दुसऱ्या बाजूस सोळा. बत्तीस उणे असून सोळा त्याहून कमी, म्हणून सोळा धन घेतले तर कळप अठ्ठेचाळीस, ऋण घेतले तर सोळा. दोन्ही खरी: अठ्ठेचाळिसांचा अष्टमांश सहा, त्याचा वर्ग छत्तीस, आणि बारा, सोळांचा अष्टमांश दोन, त्याचा वर्ग चार, आणि बारा. वनात छत्तीस खेळत असोत की चार, डोंगरावरील बारांस त्याचे काय! आचार्य दोन्ही उत्तरे मान्य करतात. भुंग्यांच्या उदाहरणात मात्र पंधरा हे नवांहून मोठे, म्हणून दुसरे उत्तर ऋण, तेही अपूर्णांकात, आले असते. त्याची वार्ता ते काढीत नाहीत.

दुसरेही उदाहरण माकडांचेच. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग केला, तितकी गुहेत गेली. एक तेवढे फांदीवर चढलेले दिसते. गणिताने उत्तरे येतात पन्नास आणि पाच. पन्नासांचा पंचमांश दहा, त्यातून तीन गेले सात, सातांचा वर्ग एकोणपन्नास, आणि फांदीवरचे एक. पाचांचा पंचमांश एक. एकातून तीन जातील कसे? गेले तर उणे दोन उरतात, त्यांचा वर्ग चार, चारांत एक मिळवला की पाच, आणि कागदोपत्री हिशेब रुजू होतो. परंतु आचार्य सांगतात की हे दुसरे उत्तर घेऊ नये, कारण ते अनुपपन्न आहे. प्रत्यक्ष मोजायच्या वस्तू ऋण झाल्या तर लोकांस त्याची प्रतीती येत नाही. आणखी एक उदाहरण छायेचे आहे: बारा अंगुळांच्या शंकूच्या छायेतून कर्णाचा तृतीयांश वजा केला तर चौदा अंगुळे उरतात. उत्तरे साडेबावीस आणि नऊ. नवांतून काही वजा करून चौदा कसे उरणार? म्हणून नऊ त्याज्य.

नियम सांगताना आचार्यांनी म्हणून एक लहानसा शब्द घातला आहे: अव्यक्ताचे मान दोन प्रकारचे येते, पण 'क्वचित्'. या एका शब्दासाठी मी त्या प्रकरणाकडे वारंवार वळतो. दोन्ही उत्तरे गणितास मान्य आहेत हे ते लपवीत नाहीत, आणि दोन्ही जगास मान्य असतील असेही ते मानीत नाहीत. गणित आपल्यापाशी उत्तरे आणून ठेवते, आणि त्यांतील कोणते ठेवावे याचा निवाडा माकडे ज्यास ठाऊक आहेत त्याने करावा. आमच्या शाळेत गुरुजी वर्गसमीकरणावरील शाब्दिक उदाहरणांच्या शेवटी 'परंतु लांबी ऋण असू शकत नाही, म्हणून' ही ओळ लिहायला लावीत, आणि ती विसरली तर अर्धा गुण कापीत. आम्ही ती स्तोत्रासारखी घोकली. तिच्यात लोकांच्या प्रतीतीचा तोच जुना निवाडा आहे हे आम्हांस कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तर तो अर्धा गुण इतका अन्यायाचा वाटला नसता.

चांगदेवाचा मठ किती काळ चालला असेल तो असो. ग्रंथ मात्र मराठी मुलखातील ज्योतिषी घराण्यांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिले. गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या, म्हणजे पाथरीच्या, सूर्यदासाने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'लीलावती' आणि 'बीजगणित' या दोहोंवर टीका लिहिल्या. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने, ज्याच्या 'ग्रहलाघवा'वर पुढे शतकानुशतके पंचांगे निघत राहिली, 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका रचली. आणि ज्याचे कुळ मूळचे विदर्भातील दधिग्रामचे असून पुढे काशीस स्थायिक झाले त्या कृष्ण दैवज्ञाने 'बीजगणिता'वर जी टीका केली तीत ऋण संख्येविषयीचे विवेचन लक्षात राहण्याजोगे आहे: ऋणत्व म्हणजे उलटेपणा, आणि तो दिशेने, काळाने किंवा वस्तूच्या मालकीने असू शकतो. पूर्वेकडे चालणे धन मानले तर पश्चिमेकडे चालणे ऋण. पदरी असलेले धन तर देणे असलेले ऋण. लोकांस प्रतीती नाही असे आचार्यांनी जिच्याविषयी म्हटले, तिची प्रतीती आणून देण्याचा उद्योग टीकाकाराने आरंभला. माकडे मात्र अजूनही उणे होत नव्हती.

पुढे हे ग्रंथ फारसीत गेले. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने इ. स. १५८७ मध्ये 'लीलावती' फारसीत आणली. मुलीच्या लग्नघटिकेचे पात्र, त्यात पडलेला मोती, टळलेला मुहूर्त ही सर्वतोमुखी असलेली कथा त्या फारसी भाषांतरातून पसरली, आचार्यांच्या ग्रंथात तिचा मागमूस नाही. शहाजहानाच्या अमदानीत अताउल्ला रशीदीने 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर केले. त्यावरून स्ट्रेची याने इ. स. १८१३ मध्ये इंग्रजी केले. 'लीलावती' थेट संस्कृतावरून इंग्रजीत आली ती १८१६ साली मुंबईतच, कंपनीच्या वैद्यकीय खात्यातील डॉक्टर टेलर यांच्या हातून. आणि पुढल्याच वर्षी लंडनात कोलब्रुक यांचे मोठे भाषांतर छापून निघाले, ज्यात ब्रह्मगुप्त आणि भास्कर दोघेही आहेत.

भास्कराचार्यांच्या हाती मध्यमाहरणाच्या पुढची किल्ली नव्हती हेही सांगितले पाहिजे. घन किंवा वर्गवर्ग आला की काय करावे यासाठी त्यांनी दोन उदाहरणे देऊन बाकीचे बुद्धीवर सोपवले आहे: बाजूंत काही मिळवून-वजा करून मूळ निघाले तर काढावे, नाहीतर नाही. येथे त्यांनी नियम सांगण्याचा आव आणला नाही, हे त्यांच्या एकंदर वृत्तीस धरूनच आहे.

तीच वृत्ती ग्रंथाच्या समारोपातही दिसते. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणिते फार विस्तृत आहेत, म्हणून त्यांचे सार आपण घेतले, असे ते तेथे लिहितात. त्यांतील श्रीधराचे आणि पद्मनाभाचे बीजगणित आज उपलब्ध नाही. चौपटीने गुणण्याचे ते एक सूत्र तेवढे आहे, आणि ते श्रीधराचे होते हे आपणांस ठाऊक आहे, कारण भास्कराचार्यांनी ते उतरून घेताना वर त्याचे नाव घातले.